परसात मासे, परसातच माळवं: घरगुती अ‍ॅक्वापोनिक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे टाकीत मासे पाळायचे आणि त्यांच्याच पाण्यावर, मातीविना, भाजी घ्यायची. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातली घरं डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. खानापूरचा पाऊस आणि अथणीची बोअर यांच्यासाठी एकच सल्ला चालत नाही, म्हणून जिथं फरक पडतो तिथं तसं सांगितलंय.

आपल्याकडं एवढी चांगली जमीन असताना पाण्यात भाजी लावायची गरजच काय?

जमीन असेल तर गरज नाही. घरामागं चार सऱ्या ओढण्याएवढी माती असली तर मेथी-कोथिंबीर मातीतच टाका. स्वस्त पडते, कटकट कमी. हा प्रकार त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या परसात फरशी बसलीय, ज्यांना एप्रिल-मेमध्ये पाणी मोजून वापरावं लागतं आणि ज्यांना मासे पाळायची मुळात हौस आहे. यात तेच पाणी फिरत राहतं. रोज उडून जाणारं आणि झाडांनी ओढलेलं पाणी एकूण पाण्याच्या एक ते तीन टक्के असतं, म्हणजे घरगुती मांडणीत एखादी बादली. माशांची हौस नसेल तर मात्र कुंड्या बऱ्या. पाळलेल्या जिवाकडं रोज बघावं लागतं आणि ते सगळ्यांना जमतंच असं नाही.

हे चालतं कसं?

मासे खाद्य खातात आणि त्यांच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो साठला तर मासे मरतात. पंप ते पाणी खडीच्या वाफ्यात चढवतो. खडीवर दोन प्रकारचे जिवाणू वस्ती करतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, जे माशांना विषारीच असतं, आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट हे झाडांचं खत. झाडं ते उचलतात आणि पाणी परत टाकीत उतरतं.

मासे दिसतात, भाजी दिसते, जिवाणू दिसत नाहीत. म्हणून सगळी काळजी माशांची घेतली जाते. पण या मांडणीत सांभाळायचे ते जिवाणू. ते जगले तर बाकीचं आपोआप जगतं. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीवर येऊन थांबतात.

सुरुवातीला केवढं करावं?

५०० लिटरची टाकी आणि ४ फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट खोल असा एक वाफा. यापेक्षा लहान केलं तर पाण्याचं तापमान आणि अमोनिया पटापट वरखाली होतात, आणि नवख्याला ते सावरत नाही.

हिशेब खाद्यापासून धरावा. या टाकीत १२ ते १५ मासे सोडा. ते २०० ग्रॅमच्या आसपास आले की सगळे मिळून ३ किलो भरतात आणि वजनाच्या २ टक्के धरून दिवसाला ६० ग्रॅम खाद्य खातात. पालेभाजीला दर चौरस मीटरमागं रोजचं ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं. म्हणजे ६० ग्रॅमवर सव्वा ते दीड चौरस मीटर भाजी पोसते, आणि ४ बाय ४ चा वाफा जवळपास दीड चौरस मीटरचाच असतो. मासे वाढवायचे तर वाफाही वाढवा. नुसते मासे वाढवून भाजी जोमानं येईल हा समज टाकीला महागात पडतो.

गच्चीवर ठेवलं तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि घाईनं 'हो' म्हणण्यासारखा नाही. वर सांगितलेला वाफा ओल्या खडीनं भरला की ७५० ते ८५० किलोच्या घरात जातो. म्हणजे दर चौरस मीटरवर ५०० किलोहून जास्त. भरलेली टाकी तर त्याहून लहान जागेवर अर्धा टन टेकते. माणसांच्या वावरासाठी धरलेल्या गच्चीचं गणित भारतीय मानकाप्रमाणं चौरस मीटरला साधारण १५० किलो वाढीव भाराचं असतं. गच्ची लगेच कोसळेल असं नाही, पण तडे जाणं, गळती लागणं तिथूनच सुरू होतं. इंजिनिअरनं तुळया आणि खांब बघून जागा दाखवली तरच वर न्या. जुन्या मंगलोरी कौलांच्या घराच्या माळ्याचा तर विषयच नको.

गच्चीशिवाय जागा नसेल तर खडी सोडून द्या. चार इंची पीव्हीसी पाईपमध्ये भोकं पाडून त्यात पालेभाजी लावता येते आणि ओझं खूप कमी होतं. पण मग गाळ अडवायला आणि जिवाणूंना राहायला वेगळा ड्रम करावा लागतो, कारण ती दोन्ही कामं खडी करत होती.

परसू असेल तर तीच जागा उत्तम. सकाळचं पाच-सहा तास ऊन वाफ्याला आणि सावली टाकीला, अशी दिशा साधा.

टाकी, खडी, पाईप कुठले घ्यावेत?

काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी चांगली, आत शेवाळ कमी धरतं. वरचं तोंड कापून मोठं करून घ्या आणि जाळी बसवा. मासे उडी मारतात, आणि मांजर व बगळा दोघांनाही पत्ता लवकर लागतो. भंगारातला निळा ड्रम घेताना आधी त्यात काय भरलं होतं ते विचारा. रसायनाचा असेल तर कितीही धुतला तरी नको. जस्ती पत्र्याची टाकी आणि तांब्याचे पाईपही नकोत, कारण जस्त आणि तांबं माशांना बाधतं.

खडीचं म्हणाल तर क्रशरवरची १२ ते २० मिलिमीटरची काळी खडी आपल्याकडं सहज मिळते आणि कामाला योग्य आहे. कच मात्र पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी लागते, यात एक अख्खा रविवार जातो. घेण्याआधी मूठभर खडीवर व्हिनेगर किंवा लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे आणि ती पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) वर ओढत राहील. गोकाक-रामदुर्गकडच्या दगडात चुनखडी सापडते आणि काळ्या दगडातही कधी कधी पांढऱ्या गाठी असतात, तेव्हा रंगावर विसंबू नका. जांभ्याचे तुकडे टाळा. ते झिजून पाणी तांबडं करतात.

पंप तासाला टाकीएवढं पाणी फिरवेल असा, म्हणजे ५०० ते ८०० लिटरचा. तो तळाला न टेकवता वीतभर वर टांगा. पाईप कुठं निसटला तरी माशांपुरतं पाणी टाकीत शिल्लक राहतं.

बेल सायफन लावलाच पाहिजे का?

नाही. बेल सायफन म्हणजे वाफा भरला की तो आपोआप रिकामा करणारा टोपीचा पाईप. त्यानं वाफा भरतो, रिकामा होतो आणि मुळांना आलटून पालटून पाणी व हवा मिळते. पण त्याचा प्रवाह जुळवण्यात लोक वैतागतात. पंपाला टायमर लावून १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद ठेवलं आणि वाफ्याच्या तळाशी लहान भोकाचा निचरा दिला तरी तेच काम होतं. अशा वेळी टाकीत हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) चोवीस तास चालू हवा. दोन्ही पद्धतींत पाण्याची वरची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली दोन इंच राहू द्या. वरची खडी कोरडी राहिली की शेवाळ आणि डास दोन्ही टळतात.

पाणी कुठलं वापरायचं?

बेळगावच्या नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. त्यात क्लोरीन असतो आणि तो माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारक. उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून, शक्य तर हवा सोडून, मगच टाकीत घाला. गल्लीतल्या जुन्या घरात आड असेल तर त्याचं पाणी बहुधा चालतं, पण एकदा तपासा.

अथणी-रायबागकडच्या बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड आणि खारवट असतं. मासे ते निभावून नेतात, भाजी नेत नाही. आरओ मशीन दुरुस्त करणाऱ्याकडं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर असतो, त्याच्याकडून आकडा काढून घ्या आणि जास्त असला तर पावसाचं पाणी साठवून मिसळा.

टाकी भरली. मासे आज सोडू का?

नको. आधी जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ कुणालाच सोसत नाही आणि सुरुवातीचे मासे मरतात ते बहुतेक याच घाईत.

जिवाणूंना खायला अमोनिया लागतो, तो माशांविना देता येतो. अमोनियम क्लोराइड, म्हणजे शुद्ध नवसागर, ५०० लिटरला सुमारे ४ ग्रॅम घातला की अमोनियाचा आकडा लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर वापरू नका, त्यात इतर धातू असू शकतात. तो रसायनांच्या दुकानातून घ्या. नाहीतर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून कुजू द्या, जरा वेळ जास्त लागतो. ओळखीत कुणाचं जुनं, निरोगी मत्स्यपात्र असेल तर त्यातला स्पंज किंवा मूठभर खडी आणून टाका, आठवडे वाचतात.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासायचा थेंबांचा संच मत्स्यपात्राच्या दुकानात मिळतो. पंपानंतर खर्च करावा तो यावर. आधी अमोनिया चढतो, मग उतरतो आणि नायट्राइट चढतो, शेवटी तोही उतरून नायट्रेट दिसायला लागतो. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य राहिला की मासे आणा. रोपं मात्र नायट्रेट दिसू लागलं की लावायला हरकत नाही.

आपल्याकडं याचा मुहूर्त मे महिन्यात धरावा. पाणी कोमट असतं, जिवाणू लवकर बसतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कार्पची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, मिळायला लागते तोवर टाकी तयार असते.

मासे कुठले?

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. थंडी, ऊन, थोडंफार बिघडलेलं पाणी सगळं सोसतो. त्याचाच अमूर नावाचा सुधारित वाण कर्नाटकात पसरलाय, तो मिळाला तर उत्तम. रोहू चालतो, पण टाकीत सावकाश वाढतो. कटल्याला एवढी जागा पुरत नाही. मरळ चवीला भारी असला तरी तो बरोबरच्या लहान माशांना गिळतो आणि टाकीबाहेर उडी मारण्यात पटाईत, म्हणून पहिल्या वर्षी तरी नाद करू नका.

गिफ्ट तिलापियाची जाहिरात सगळीकडं दिसते, पण तो पाळायला मत्स्य खात्याची परवानगी लागते, आणि डिसेंबरातल्या बेळगावी थंडीत तो खाणंच सोडतो. थाई मागूरवर देशात बंदी आहे. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

बोटुकलीसाठी तालुक्याच्या मत्स्य खात्यात चौकशी करा, पाटीवर कन्नडमध्ये 'मीनुगारिके इलाखे' असं असतं. आणलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवा, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होतं.

आमच्या घरात मासे खात नाहीत. मग?

गोल्डफिश किंवा कोई पाळा. भाजीला नायट्रेटशी मतलब, मासा ताटात जातो की नाही याच्याशी नाही. गोल्डफिश तर घाण करण्यात कुणाला हार जात नाही, त्यामुळं भाजी छान पोसते. माळकरी, जैन, लिंगायत घरांत हाच मार्ग सोयीचा आहे. एवढंच ध्यानात घ्या की कोई नीट सांभाळला तर कित्येक वर्षं जगतो आणि चांगला हातभर वाढतो.

काय लावायचं, काय नाही?

पहिल्या हंगामात पालेभाजी: पालक, पोकळा, राजगिरा, लाल माठ, जवारी कोथिंबीर, मेथी. पुदिना इतका पसरतो की त्याला वेगळा कोपरा किंवा वेगळी कुंडी द्या. मांडणी चार-पाच महिने जुनी झाली, मासे मोठे झाले की टोमॅटो, वांगी, काकडी, संकेश्वरी मिरची. त्यांना खाद्य जास्त लागतं. बिन्स येतात, पण त्या मातीतही सुखानं येतात, मग इथली जागा का अडवा? रताळी, बटाटा, मुळा, गाजर खडीत वाकडेतिकडे होतात.

बियाणं थेट खडीत टाकलं तर खाली निसटतं. कोकोपिटाच्या ट्रेत रोपं करून, मुळं हलकेच धुऊन लावा. मेथी-कोथिंबिरीला मात्र खडीच्या वर कोकोपिटाचा पातळ थर दिला की पुरे.

खाद्य म्हणून शेंगपेंड आणि भाताचा कोंडा चालेल का?

शेततळ्यात चालतो. टाकीत नाही, पाणी गढूळ होतं आणि अमोनिया वाढतो. २८ ते ३२ टक्के प्रथिनांचं तरंगणारं खाद्य आणा, पाच मिनिटांत संपेल एवढंच दिवसातून दोनदा टाका आणि उरलेलं जाळीनं काढा. जोडीला अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) दिला तर चालतो.

पावसाळ्यात एकदम सगळं का बिघडतं?

कारण पावसाचं पाणी मऊ असतं. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातला क्षार खात राहतात, त्यामुळं पीएच हळूहळू उतरतोच. उन्हाळ्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी भर घालताना तो क्षार भरून निघतो. जूनपासून वाफ्यात थेट पाऊस पडायला लागला की भर पडते ती बिनक्षाराच्या पाण्याची. पीएच ६ च्या खाली घसरला की जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साठतो, आणि लोक म्हणतात माशांना रोग आला. खानापूर, कणकुंबीकडं तर हे नक्की होणार असं धरूनच चला.

उपाय तीन. वाफ्यावर आणि टाकीवर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिकचं छप्पर घाला. पीएच आठवड्यातून दोनदा बघा, ६.८ ते ७.२ मध्ये राहायला हवा. आणि जेवणात खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या फेकू नका. स्वच्छ उकळून, फोडून, जाळीच्या पिशवीत भरून पाणी पडतं तिथं टांगा. पाणी आंबट व्हायला लागलं की त्या विरघळतात आणि पीएच सावरून धरतात. तरीही ६.५ च्या खाली गेलाच तर भिजवलेल्या चुन्याची नितळ निवळी थोडी थोडी घाला, दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त चढवू नका. पीएच एकदम चढला तर साठलेला अमोनिया आणखी विषारी होतो. खायचा सोडा वापरू नका, त्यातलं सोडियम भाजीला नडतं.

लाईट गेली तर? आणि बिल किती येतं?

१५ लहान मासे असतील तर काही तास निभतात. मोठे मासे आणि मे महिन्यातली दुपार असली तर फार वेळ नाही, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा, किंवा पंप घरच्या इन्व्हर्टरला जोडा. लाईट नसताना खाद्य देऊ नका. काहीच नसलं तर तांब्यानं पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतत राहा.

पंप आणि हवेचा पंप मिळून २५ वॉट धरले तर महिन्याला १८ युनिट. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, मिळणारे युनिट २०२२-२३ च्या तुमच्या सरासरीवर दहा टक्के वाढ धरून ठरलेत, कमाल २००. सरासरी ८० युनिटची असेल तर ८८ पर्यंत मोफत, त्यामुळं हे १८ युनिट वर जाऊ शकतात. आधी जुनं हेस्कॉमचं बिल काढून बघा.

थंडीत आणि उन्हाळ्यात काय बदलायचं?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी गार पडतं, कार्प कमी खातो, जिवाणूही सुस्तावतात. खाद्य निम्म्यावर आणा आणि ते दुपारी द्या. एप्रिल-मेमध्ये टाकीवर ५० टक्क्यांची हिरवी जाळी घाला आणि टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

मावा पडलाय. तंबाखूचं पाणी फवारू का?

अजिबात नको! निपाणीकडं घरोघरी माहीत असलेला उपाय आहे हा, आणि मातीतल्या भाजीवर लोक करतातही. पण निकोटिन माशांना अतिशय घातक आहे आणि पानावरून ठिबकलेलं पाणी सरळ टाकीत जातं. साबणाचं पाणी आणि निंबोळी तेलही वाफ्यावर फवारू नका. मावा पाण्याच्या जोरानं झाडावरून उडवा, पिवळे चिकट कागद लावा, अळ्या हातानं वेचा. अळ्या फार झाल्या तर बीटी नावाचं जिवाणूंचं औषध माशांना त्रास देत नाही.

एक धोका बाहेरून येतो. डासांसाठी धूर फवारणारी गाडी गल्लीत आली की टाकी आणि वाफा प्लास्टिकनं झाका आणि हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवा, नाहीतर तो तोच धूर पाण्यात ओढेल. त्या धुरातली औषधं माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात. शेजारी उसावर फवारणी असेल तेव्हाही हेच करा.

जीवामृत किंवा शेणखत घालू का?

नाही. कच्च्या पालेभाजीला शेणातले जंतू नकोत, आणि टाकीत ते कुजून प्राणवायू संपवतात. गांडुळं मात्र वाफ्यात सोडा, खडीतला गाळ तीच खातात.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत कमी पडतंय का?

लोह कमी पडतंय. माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतं. कृषी सेवा केंद्रातून डीटीपीए स्वरूपातलं चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहून झाडांना उचलता येणारं लोह, आणा. ईडीटीए हा त्याचाच दुसरा प्रकार स्वस्त असतो पण या पीएचला लवकर निकामी होतो. डीटीपीए ११ टक्क्यांचं असेल तर एवढ्या मांडणीला १२ ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पोटॅश कमी आहे. जुनी पानं सरसकट फिकी पडली तर मासे किंवा खाद्य कमी आहे.

जत्रेला चार दिवस गावी गेलो तर?

मोठे मासे उपाशी राहतात, काही होत नाही. शेजाऱ्याला खाद्य द्यायला सांगाल तर पुड्या बांधून द्या, नाहीतर मायेनं मूठमूठ टाकतात आणि तुम्ही परत येईतो पाणी नासलेलं असतं. त्यांना सांगायचं ते एवढंच, की पंप चालू आहे का ते बघा.

खर्च भरून निघतो का?

भाजीच्या पैशात नाही. बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, म्हणजे बाजारात भाव काय असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. फरक जाणवतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, शेतातली कोथिंबीर-मेथी पावसानं सडते आणि पेंडीचे भाव चढतात तेव्हा; छपराखालचा वाफा त्या वेळी चालू असतो. अनुदान हवं असेल तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० पासून आहे. तिच्यात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत आहे, पण ती माशांच्या युनिटला, भाजीच्या वाफ्याला नाही. भाजीबद्दल विचारायचं तर मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

मासे खायला कधी काढायचे?

अर्धा किलोच्या पुढं गेले की. आधी दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टाकीत बिनखाद्याचे ठेवा, मातकट वास जातो. कार्पला काटे पुष्कळ असतात. बांगड्याची सवय असलेल्या घरात पहिल्यांदा तळताना बारीक खाचा मारून तळा. सगळे एकाच दिवशी काढू नका. दोन-तीन काढले की तेवढीच बोटुकली सोडा, नाहीतर वाफ्यातले जिवाणू उपाशी पडतात आणि पुन्हा महिनाभर थांबावं लागतं. बोटुकली लहान असेल तर मोठ्यांपासून जाळीनं वेगळी ठेवा.